पेन्सिलीच्या आधी बोटं: लहान मुलांचे हात खेळातून कसे तयार करायचे

मूल अडीच-तीन वर्षांचं झालं, प्लेस्कूलला जायला लागलं की घरात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याची पहिली चौकशी एकच, काय मग, लिहितो का? मग आईबाबा बाजारातून ठिपके जोडायची वही आणतात, पोराच्या हातात पेन्सिल कोंबतात, ते दोन रेघा मारतं, कंटाळतं, पेन्सिल फेकतं, आणि सगळ्या घराला टेन्शन. माझं म्हणणं सरळ आहे. पेन्सिल ही शेवटची पायरी, तिच्याआधी बोटांनी बरीच दुसरी कामं केलेली असायला लागतात आणि ती कामं आपल्या गोव्यातल्या घरांत, अंगणात, परसात भरपूर पडलेली आहेत, फक्त आपण पोरांना त्यांच्या जवळ फिरकू देत नाही कारण सांडेल, मळेल, वेळ लागेल.

मी बालवाडीत शिकवते, त्यामुळे पहिल्यांदाच आईबाबा झालेल्यांचे तेच तेच प्रश्न कानावर येतात (पहिल्यांदाच आजी झालेल्यांचेही). त्यांच्यासाठी क्रमाने लिहितेय. वय ढोबळ समजा, महिना-दोन महिने इकडेतिकडे होणारच.

सुरुवात करण्याआधी एवढं माहीत असू द्या

बाळ जन्मतं तेव्हा त्याच्या मनगटाची आठ हाडं एक्स-रेमध्ये दिसतसुद्धा नाहीत, कारण ती अजून कूर्चेचीच असतात. एकेक करत ती पक्की होत जातात, सहा-सात वर्षांपर्यंत बहुतेक दिसायला लागतात आणि शेवटचं तर आठ ते बारा वर्षांच्या मधे कधीतरी. म्हणजे तीन वर्षांच्या पोराने चार ओळी सुंदर अक्षरात लिहाव्यात अशी अपेक्षा करताना आपण कुठल्या हाताकडून करतोय ते बघा. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तीन ते आठ हा पायाभूत टप्पा धरलाय आणि त्यात खेळातून शिकण्यावर भर आहे, त्यामुळे कुठली शाळा छोट्या गटाला पानंच्या पानं होमवर्क देत असेल तर आईबाबांनी जाऊन विचारायला काहीच हरकत नाही.

दुसरं म्हणजे हात वरून खाली तयार होतो. आधी खांदा, मग कोपर, मग मनगट, सगळ्यात शेवटी बोटं. माडाचं खोडच डुलत असेल तर वरचा पाडेली नारळ काढणार कसा, तसंच, खांदा आणि मनगट स्थिर नसेल तर बोटं बिचारी काहीच करू शकत नाहीत. म्हणून बोटांचे खेळ खांद्यापासून सुरू होतात, हे ऐकायला विचित्र वाटतं पण आहे तसंच.

साधारण काय कधी येतं ते एकदा सांगून टाकते. सहा महिन्यांच्या आसपास बाळ वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात घेतं. नऊ ते बारा महिन्यांत अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत चुरमुरा पकडायला बघतं (बघतं म्हणजे तुम्ही शेजारी बसलेले असताना). दीड वर्षाला तीन-चार ठोकळे एकावर एक, दोन वर्षांला सहाएक. तीन वर्षांला बघून गोल काढतं, चारला अधिकचं चिन्ह, साडेचारच्या आसपास चौकोन आणि त्रिकोण पाचला. त्रिकोणाची तिरकी रेघ सगळ्यात अवघड, म्हणून तीन वर्षांच्या पोराला पतंग काढ म्हणून मागे लागू नका.

पहिली पायरी: खांदे आणि दंड

अगदी तान्ह्या बाळाला जागं असताना, आपण समोर असताना, पालथं घाला. मान उचलतं, हातांवर भार घेतं, तिथूनच सगळं सुरू होतं. रांगणाऱ्याला रांगू द्या, वॉकरमध्ये घालू नका, वॉकरने चालणं लवकर येत नाहीच आणि वर पायऱ्यांवरून पडायची भीती.

चालायला लागलं की माझा सगळ्यात आवडता आणि फुकटातला खेळ: प्लास्टर न केलेला चिऱ्यांचा गडगा किंवा घराची मागची भिंत, एक डबाभर पाणी आणि हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तो दोन-तीन इंची रंगाचा ब्रश. पोराला सांगायचं भिंत रंगव. चिरा ओला झाला की गडद लाल होतो, उन्हात बघता बघता सुकून परत फिका होतो, मग पोर परत रंगवतं, आणि यात अर्धा तास कसा जातो कळत नाही. हात वर करून उभ्या भिंतीवर काम केलं की खांदा बळकट होतो आणि मनगट आपोआप मागे वळतं, पुढे लिहिताना लागतं ते नेमकं हेच. फ्लॅटमध्ये राहत असाल तर बाथरूमच्या टाइल्सवर ओला स्पंज, नाहीतर पाटी भिंतीला टेकवून उभी ठेवा आणि खडू द्या. ड्रॉइंगचा कागदसुद्धा टेबलावर ठेवण्यापेक्षा दारावर चिकटवलेला बरा.

पाण्याच्या खेळात एक नियम पक्का, बादलीत चार बोटं पाणी असलं तरी लहान मुलाला तिथे एकटं सोडून फोन घ्यायला आत जायचं नाही. फोन वाजू दे.

दुसरी पायरी: मूठ, दाबणं, पिळणं

इथे स्वयंपाकघर उघडायचं. चपातीची कणीक मळताना लिंबाएवढा गोळा पोराच्या हातात द्या, ते दाबेल, थापेल, लांब साप करेल, तुकडे करेल. काळंकुट्ट होईपर्यंत मळेल, मळू दे, ती चपाती आपल्याला खायची नाहीये. विकतच्या क्लेसारखं काहीतरी हवं असेल तर दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, चमचाभर तेल आणि साधारण पाऊण ते एक वाटी पाणी, पाणी एकदम ओतू नका, हळूहळू. रंगाला हळद किंवा बीटाचं पाणी. हे फ्रिजमध्ये डबाबंद ठेवायचं आणि जून ते सप्टेंबर फार दिवस ठेवायचंच नाही, आपल्या पावसात ते चिकट होतं, वास मारतं, टाकून नवीन करा. सगळं तोंडात घालणाऱ्या मुलाला मात्र हे देऊ नका, मीठ फार असतं त्यात, त्याला साधी कणीकच.

सोलकढी करताना सोलां (आमसुलं) भिजत घातली की ती चुरायचं आणि पिळायचं काम दोन-अडीच वर्षांच्या पोराला द्या. खोवलेल्या नारळाचा रस काढताना फडक्यात बांधलेली पुरचुंडी पिळायला द्या. निघतो तेवढा रस निघतो, उरलेला आपण काढायचा. कपडे जुने घाला, सोलांचा डाग जात नाही. आणि हो, आजीचा आवाज येणार, "सांडतलो मगे तो सगळें!" येऊ दे. सांडणारच आहे. खाली जुना पेपर पसरा, आणि सांडलेलं पुसायला एक छोटं फडकं त्यालाच द्या, फडकं पिळणं हा आणखी एक व्यायाम झाला की.

चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी मूर्ती करणाऱ्या चित्रशाळांत चिकणमातीचे ढीग पडलेले असतात. ओळखीची चित्रशाळा असेल तर मूठभर माती मागून बघा. चिकणमाती कणकेपेक्षा घट्ट, बोटांना जोर जास्त लावावा लागतो, आणि समोर मोठी माणसं मूर्ती करताना बघत बघत पोर स्वतःचा उंदीर करतं, त्याला सोंड येते, शेपूट येतं, काय काय येतं. माती खेळून झालं की साबणाने हात, नखांच्या आतूनसुद्धा.

समुद्रावर गेलात तर कोरड्या रेतीपेक्षा ओल्या रेतीत बसवा. ओली रेती जड, ती खणायला, दाबायला, बादलीत ठासून भरायला ताकद लागते.

तिसरी पायरी: चिमूट

अंगठा आणि तर्जनी, जोडीला मधलं बोट. पुढे पेन्सिल या तिघांनीच धरायची आहे, म्हणून इथे जरा जास्त रेंगाळते.

शेवग्याचा पाला, आपली मशिंगाची भाजी, ती निवडताना पोराला शेजारी बसवा. एकेक बारीक पान देठावरून ओढून काढायचं, हे इतकं नाजूक काम आहे की कुठल्याही महागड्या खेळण्यात नसेल. तांबडी भाजी तीन वर्षांच्या मुलालाही जमते, पानं मोठी असतात. कोथिंबीर. ताज्या वालाच्या, चवळीच्या शेंगा सोलणं, आधी तुम्ही टोक मोडून द्या, मग ते बोट घालून शेंग उघडेल. लसूण सोलायला देऊ नका, बोटं डोळ्यांत जातात आणि मग रडारड.

तीन वर्षांच्या वर असेल आणि तोंडात घालायची सवय सुटलेली असेल तर ताटात अळसांदे (मोठी चवळी) आणि मूग एकत्र करून दोन वाट्यांत वेगळे करायला द्या. अंड्यांच्या ट्रेमध्ये एका खळग्यात एक दाणा. मग बोटांच्या जागी चिमटा. कपडे वाळत घालायचे चिमटे तर अप्रतिम, पावसात घरभर दोऱ्या बांधलेल्या असतातच, एक दोरी पोराच्या उंचीला बांधा आणि मोजे, रुमाल, लंगोट त्याने वाळत घालायचे. चिमटा घट्ट असेल तर दोन्ही हातांनी उघडेल, तेही चालतं. औषधाचा रिकामा ड्रॉपर धुऊन घ्या, रंगीत पाणी भरून टिश्यू पेपरवर थेंब टाकायचे, रंग पसरत जातो ते बघायला आपल्यालाही मजा येते.

आता धोक्याचं, आणि हे नीट वाचा. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात घशात अडकेल असं काही नको: शेंगदाणे, चिंचोके, मणी, गोट्या, अख्खी द्राक्षं. टॉयलेट पेपरच्या नळीतून जी वस्तू आरपार जाते ती लहान समजायची. बटणासारखे सेल, रिमोटमधले, खेळण्यातले, कुलूपबंद, कारण गिळलेला सेल दोन तासांत अन्ननलिका जाळायला लागतो, असा संशय आला तरी घरी थांबायचं नाही, सरळ हॉस्पिटल. छोटी लोहचुंबकंही तशीच.

त्यात आपल्या परसातल्या दोन वस्तू कुठल्याच पुस्तकात सापडणार नाहीत. एक, कुंपणावर येणारी लाल-काळी गुंज. दिसायला इतकी सुंदर की कोणीतरी हौसेने पोराला वर्गीकरणाला देतंच, पण ती विषारी आहे, चावून खाल्ली तर जिवावर बेतू शकतं. दुसरी काजूची बी. मार्च ते मे बोंडू (काजूची फळं) गोळा करायला पोरं धावतात, बोंडू पिळू दे, हाताने कुस्करू दे, पण कच्ची बी फोडायला किंवा दातांनी चावायला देऊ नका, टरफलातलं तेल कातडी जाळतं, फोड येतात.

चौथी पायरी: दोन हात, दोन वेगळी कामं

एक हात धरतो, दुसरा करतो. बाटलीचं झाकण फिरवणं, डबा उघडणं, केळं सोलणं, बटण लावणं, पोईचा (आपल्या गोव्याच्या पावाचा) तुकडा तोडून पातळ भाजीत बुडवून खाणं. शेवटचं गंमत म्हणून लिहिलं नाही, भरवणं बंद करा हा अख्ख्या लेखातला सगळ्यात उपयोगी सल्ला आहे आणि तो कोणालाच आवडत नाही. तीन वर्षांच्या मुलाला टीव्हीसमोर बसवून आजी घास घास भरवते, हात मांडीवर स्वस्थ, मग तीच आजी म्हणते याच्या हातात जोरच नाही. डाळ-भात कालवून स्वतःच्या बोटांनी खाणं यात मूठही आली, चिमूटही आली, दिवसातून दोनदा फुकट प्रॅक्टिस.

ओवणं साधारण तीन वर्षांला जमतं. सुरुवात जाड सुतळी आणि मोठ्या भोकाच्या वस्तूंनी, सुतळीच्या टोकाला सेलोटेप गुंडाळा म्हणजे टोक कडक होतं. जाड स्ट्रॉचे तुकडे चालतात. पुठ्ठ्यावर मासा काढून, कडेने पंचिंग मशीनने भोकं पाडून त्यातून बुटाची नाडी आत-बाहेर काढायला द्या, एकदा केलं की महिनोन्महिने पुरतं. चार-पाचच्या पुढे घरात अबोली किंवा जाईचा गजरा होत असेल तर आईशेजारी बसून फुलं दोन-दोनच्या जोड्या लावून द्यायच्या, गाठ आई मारेल, दोऱ्यात फूल गुंफणं जमायला अजून वेळ आहे. दोरा लांब नको, गळ्यात अडकतो, खेळ संपला की उचलून ठेवा.

सणांत तर नुसती लूट आहे. चवथीला गणपतीच्या वर टांगायची माटोळी बांधताना केवणीच्या दोराने फळं बांधतात, पोराने फळ धरायचं, दोर दोनदा गुंडाळायचा, गाठ तुम्ही मारा (गाठ, बुटाची नाडी वगैरे पाच-सहा वर्षांची गोष्ट आहे). नेवऱ्यांची (करंज्यांची) कड दाबून बंद करायला चार वर्षांचं मूल सहज बसतं, त्याची एखादी नेवरी तेलात फुटेल, ती वेगळी, शेवटी तळा. पातोळ्यांना हळदीच्या पानावर पीठ थापणं, ते तर बोटांचंच काम. दिवाळीच्या आधी वाड्यावर नरकासुराचा पुतळा उभा राहत असेल तर मोठी मुलं छोट्यांना हाकलतात, पण कागद फाडायला आणि मैद्याची खळ लावून चिकटवायला भरपूर हात लागतात, तिथे घुसवा.

पाचवी पायरी: कात्री

बऱ्याच घरांत पाच वर्षांपर्यंत कात्री दिसतच नाही, आणि मग शाळेत क्राफ्टच्या तासाला पोर बघत बसतं. क्रम असा. आधी हाताने कागद फाडणं, पेपरच्या लांब पट्ट्या, मग चुरगळून बोळे. अडीच-तीनला गोल टोकाची छोटी कात्री. सुरुवातीला बोटभर रुंदीची, जरा जाड कागदाची पट्टी द्या, एका कापात तुकडा पडतो, पोर खूश होतं. लग्नपत्रिका या कामाला उत्तम, आपल्याकडे मे महिन्यात ढीग साठतो. मग सरळ रेघेवर कापणं, मग वळणावर, गोल तर पाचच्या आसपास. अंगठा वरच्या बाजूला राहिला पाहिजे आणि कागद दुसऱ्या हाताने फिरवायचा, कात्री नाही. अंगठा उलटा होत असेल तर कागद पोराच्या समोर जरा उंच धरा, आपोआप सुधारतो. प्लास्टिकची ती बोथट कात्री जी काहीच कापत नाही ती आणूच नका, त्याने फक्त वैताग येतो.

सहावी पायरी: खडू, मग पेन्सिल

पहिल्यांदा तुटके खडू. नवीन लांब क्रेयॉनचे मुद्दाम तुकडे करा, अंगठ्याच्या पेराएवढे. तुकडा छोटा असला की मुठीत धरताच येत नाही, तीन बोटांतच धरावा लागतो, न सांगता पकड येते. मूल दोन-तीन वर्षांचं असताना खडू मुठीत धरतं ते बरोबरच आहे, त्याला टोकू नका. तीन बोटांची पकड चार ते सहाच्या मधे बसते.

अक्षरांच्या आधी आकार. उभी रेघ, आडवी रेघ, गोल, अर्धगोल, गाठ. रवाळ रेतीत, ताटातल्या रव्यात, धुकं धरलेल्या काचेवर बोटाने. ग म भ न पासून सुरुवात करतात त्यामागे हेच आहे, काना ओढता आला आणि छोटी वळणं जमली की चार अक्षरं हाताशी. त्यासाठी काना आधी पाटीवर, मोठा, हात पूर्ण फिरवून. वहीच्या दोन ओळींत बसवायची घाई पहिलीत करा.

डावखुऱ्याचं काय? काही नाही, डावखुरं राहू द्या. कुठला हात पुढे ते चार ते सहाच्या दरम्यान पक्कं होतं, तोपर्यंत मूल दोन्ही वापरेल. वस्तू मधोमध ठेवा, ज्या हाताने घेईल त्याने. ताटावर बसल्यावर उजव्या हाताने जेव म्हणणारे घरोघरी आहेत, तो वाद तुमच्या घरात तुम्ही कसा मिटवायचा ते बघा, पण लिहिणाऱ्या हाताला हात लावू नका. कागद मात्र डावखुऱ्यासाठी जरा उजवीकडे तिरका ठेवा, आणि कात्री डाव्या हाताची वेगळी मिळते.

वेळ, मोबाइल, आणि मधे बोलणारे आपण

रोज पंधरा-वीस मिनिटं पुरे, तीही एकदम नको. मूल कंटाळलं की थांबा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हात पाठीमागे बांधून बसायला शिका, बटण लावताना पोर धडपडतंय ते बघवत नाही आणि आपण पटकन लावून मोकळे होतो, सकाळी शाळेची बस, बालरथ, दारात उभी असताना ठीक आहे, रविवारी तरी लावू दे त्याला. मोबाइलवर बोट सरकवून बोटांना काही मिळत नाही, तिथे ना जोर लागतो ना पकड. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली सांगितलंय की दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच आणि दोन ते चार वर्षांना दिवसाला तासाच्या वर नको.

विकत आणायचंच असेल तर लाकडी ठोकळे आणि भोवरा. कुंकळ्ळीच्या चिताऱ्यांचं लाखकाम किंवा पलीकडे सावंतवाडीची लाकडी खेळणी, जत्रेच्या फेरीत, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात असं काहीतरी दिसतं. रंग उडत असेल, ढलप्या निघत असतील तर नको.

डॉक्टरला कधी दाखवायचं

शेजारच्या मुलाशी तुलना करून नव्हे. पण चार महिन्यांनंतरही मुठी सतत आवळलेल्याच असतील, दीड वर्षाच्या आधीच मूल एकच हात वापरत असेल आणि दुसरा लोंबत ठेवत असेल, वर्ष उलटून गेलं तरी चिमटीत काही धरत नसेल, तीन वर्षांचं होऊन खडू धरायलाच तयार नसेल, किंवा आधी येत होतं ते यायचं बंद झालं असेल तर "होईल हळूहळू" म्हणत बसू नका. आधी पीडियाट्रिशियन, त्यांना गरज वाटली तर ते ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे पाठवतील. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी असते, त्याबद्दल अंगणवाडीत किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. जाताना मूल घरी खेळताना, जेवताना, ठोकळे रचताना काढलेले दोन-तीन छोटे व्हिडिओ फोनमध्ये ठेवा, कारण क्लिनिकमध्ये डॉक्टरांनी ठोकळा पुढे केला की घरी दिवसभर उपद्व्याप करणारं पोर आईच्या पदरात तोंड लपवून बसतं.